इतिहासाच्या पुस्तकात आपली भांडणं कुठं आहेत?

दर वर्षा-दोन वर्षांनी इतिहासाच्या पुस्तकावरनं आपल्याकडे धुरळा उडतो. मुघलांचं प्रकरण काढलं, अमक्यांचा धडा बारीक केला, तमक्यांना चारच ओळी दिल्या, नकाशात मराठ्यांची हद्द इथवर दाखवली आणि तिथवर नाही. २०१७ ला राज्याच्या सातवीच्या पुस्तकावरनं झालं, २०२३ ला एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकावरनं झालं, पुढंही होत राहणार. टीव्हीवर दोन बाजू बसतात, एक म्हणते पोरांना देशाचा अभिमान वाटला पाहिजे, दुसरी म्हणते पोरांना खरं काय ते कळलं पाहिजे, आणि दोघंही मनातनं एकच धरून चाललेले असतात की पुस्तकात जे छापू ते पोरगं जसंच्या तसं घेणार आणि त्यातनं देश घडणार. नववी-दहावीच्या वर्गात एकदा मागच्या बाकावर बसून आलेल्या माणसाला हे पटायचं नाही. पोरं घेत वगैरे काही नाहीत, पेपर झाला की संध्याकाळपर्यंत विसरलेली असतात.

माझं म्हणणं जरा तिसरंच आहे. हायस्कूलात देशाचा इतिहास शिकवायचा तो देश घडवण्यासाठीच शिकवावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळे देश तेच करतात. पण आपला देश घडला तो आपल्याच लोकांच्या आपसातल्या वादातनं, आणि नेमके तेच वाद आपण पुस्तकातनं झाडून काढतो. परक्यांशी झालेली भांडणं सगळी ठेवतो, खान आला, औरंगजेब आला, इंग्रज आला, आपण लढलो. आपलं आपल्याशी काय झालं, कोण कोणाच्या विरोधात उभा राहिला, कोणाचं बरोबर होतं, आणि एवढं होऊन पुन्हा एकत्र कसे नांदलो, हे कुठंच नाही. मग पोरगं अठरा वर्षांचं होऊन मतदानाला जातं तेव्हा त्याला वाटतं की आपल्यातला कोणी वेगळं बोलला म्हणजे तो गद्दारच. तसं त्याला कोणी शिकवलेलं नसतं, पण दुसरं काही दाखवलेलंही नसतं ना.

हे सांगायला मी साताऱ्या-सांगलीचाच माल वापरणार, एक तर तो मला माहितीय आणि दुसरं म्हणजे आपल्याकडे तो पोत्याने पडलाय.

आधी शिकवतात काय ते बघा. चौथीत शिवाजी महाराज, सातवीत पुन्हा महाराज आणि मराठ्यांचा काळ, आठवीत इंग्रज आणि स्वातंत्र्यलढा, नववीत स्वातंत्र्यानंतरचा भारत. दहावीत इतिहास कसा लिहितात, प्रसारमाध्यमं आणि इतिहास, खेळ आणि इतिहास, पर्यटन आणि इतिहास असले धडे. म्हणजे १९४२ चा लढा पोरगं तेराव्या वर्षी उरकून मोकळं होतं आणि ज्या वयात डोक्यात खरे प्रश्न यायला लागतात, घरात बापाशी वाद घालायला लागतं, त्या वर्षी तो विषय मागं गेलेला असतो. दहावीला इतिहास-राज्यशास्त्र मिळून ४० मार्कांचा पेपर, भूगोलाचे ४०, अंतर्गत २०. चुकीची जोडी ओळखा, टीपा लिहा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, विधान सकारण स्पष्ट करा. क्लासवाले जानेवारीत आयएमपी काढून देतात आणि विषय संपतो.

दहावीचं पुस्तक वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट इतिहास लिहितात कसा हे शाळेतल्या पोराला सांगायचं धाडस कोणीतरी केलं, त्याचं कौतुकच आहे. पण बघा की, त्यात जेम्स ग्रँट डफचं नाव येतं, तो साताऱ्यात राहायचा हे साताऱ्यातल्या किती पोरांना माहितीय? १८१८ ला पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर ठेवलं आणि शेजारी आपला रेसिडेंट म्हणून हा माणूस बसवला, त्याने इथली कागदपत्रं बघितली आणि त्यातनं मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ ला लंडनमध्ये छापला. त्यातल्या चुका चारचौघांत काढल्या त्या नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या कॉलेजातल्या तरुणाने, पुण्यात, १८६७ च्या सुमारास. कॉलेजातला पोरगा साहेबाला सांगतोय की तुमचं इथं चुकलंय. मग इतिहासकार वि. का. राजवाडे आले, त्यांना पानिपतच्या वेळची पत्रं सापडली ती वाईत, त्यातनं १८९८ ला मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला. आणि मिरजेत वासुदेवशास्त्री खरे हायस्कूलात संस्कृत शिकवायचे, पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं वाचायची, लावायची आणि खंडामागून खंड छापायचे. शाळामास्तर होते ओ ते. आज मिरजेच्या हायस्कूलातल्या एखाद्या मास्तराला म्हणा, सर जुनी पत्रं वाचून काहीतरी छापा, तो आधी निवडणुकीची ड्युटी संपू दे म्हणेल, आणि त्याचंही खोटं नाही.

म्हणजे इतिहास हा कागद पुढं ठेवून घालायचा वाद असतो हे शिकवायला सातारा-वाई-मिरज यासारखी जागा नाही. पण पुस्तकात ही नावं 'योग्य पर्याय निवडा' मध्ये येऊन जातात.

आता प्रतिसरकार. आठवीच्या पुस्तकात आहे. १९४२ च्या आंदोलनात सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांनी प्रतिसरकार स्थापन केलं, कर गोळा करणं, न्याय देणं, गुन्हेगारांना शिक्षा करणं ही कामं केली, अशा अर्थाचं एका परिच्छेदात आटोपलंय. माझी भाची यंदा दहावीला आहे, तिला विचारलं, प्रतिसरकार म्हणजे गं काय, तर तिने हे एका दमात म्हणून दाखवलं. म्हटलं शिक्षा कसली करायचे, कोणाला करायचे, आणि ती बरोबर होती का? तर म्हणे, मामा, पेपरला एवढंच येतं.

आता यात भरलेलं काय काय आहे ते बघा. वडूजला ९ सप्टेंबर १९४२ ला कचेरीवर मोर्चा गेला, परशुराम घार्गे पुढं होते, हातात तिरंगा, गोळीबार झाला, माणसं पडली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला तेच. शांतपणे चालत गेलेल्या लोकांवर गोळ्या घातल्यावर जे तरुण उरले त्यांच्यापुढं प्रश्न आला, आता परत तसंच चालत जायचं का? काहींनी जेल पत्करला, काही भूमिगत झाले. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वे अडवून लुटली. १९४४ च्या एप्रिलमध्ये हीच कुंडलकडची पोरं पार धुळे जिल्ह्यात जाऊन चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटून आली. इकडं गावागावात न्यायदान मंडळं, दारूबंदी, विनाहुंड्याची गांधी पद्धतीची लग्नं. तिकडं कुंडलला प्रतिसरकारच्या तुफान सेनेची कवायत. आणि खबऱ्यांना, दरोडेखोरांना, बायकांना छळणाऱ्यांना तळपायावर काठ्या. पायाला खरोखर पत्रे ठोकायचे का यावर आजही पारावर दोन पार्ट्या पडतात.

गांधीजी १९४४ ला सुटून आले आणि भूमिगतांनी उघड व्हावं असं त्यांनी सांगितलं. साताऱ्यातल्या बहुतेक कार्यकर्त्यांनी ते ऐकलं नाही, १९४६ पर्यंत भूमिगतच राहिले. गांधीटोपी घालायची, गांधी पद्धतीने लग्नं लावायची आणि गांधींचं ऐकायचं नाही! हा एवढा एक प्रश्न दहावीच्या वर्गात टाकला तर तास पुरणार नाही. नाना पाटील बरोबर होते का गांधीजी? जिथं अपील नाही, वकील नाही तिथं दिलेली शिक्षा न्याय म्हणायची का? आणि इंग्रजांच्या कोर्टात सावकाराच्याच बाजूने निकाल लागत असेल तर मग न्याय कुठं मागायचा? याची पाठ करण्यासारखी उत्तरं नाहीत. प्रतिसरकार किती गावांत चाललं याचे आकडेसुद्धा एकसारखे नाहीत, कुठं दीडशे गावं वाचायला मिळतात, कुठं सहाशे. पोरांना विचारावं, असं का होत असेल रे? गाव प्रतिसरकारात होतं हे ठरवायचं कशावरनं, तिथं न्यायदान मंडळ होतं म्हणून, की तिथल्या लोकांनी भाकरी बांधून दिल्या म्हणून? पोरं बरोबर मुद्द्यावर येतात, मी चार पोरांना घरी विचारून बघितलंय.

याच्या शेजारीच औंध. ७२ गावांचं संस्थान, तिथल्या राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ ला स्वतःहून कारभार गावपंचायतींच्या हातात दिला, घटना करायला गांधीजींचा सल्ला घेतला. कुंडल औंध संस्थानात होतं, त्यामुळे इंग्रजांच्या पोलिसाला तिथं सरळ घुसता यायचं नाही आणि भूमिगतांना आसरा मिळायचा. राजा म्हणजे जुलमी आणि प्रजा म्हणजे बिचारी या खोक्यात औंध बसत नाही, म्हणून बहुतेक पुस्तकात त्याला जागाच नाही. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावर पिक्चर निघाला तरी आपल्याला माहीत नाही.

आणि नाना पाटील १९४६ नंतर पुस्तकातनं गायबच होतात. जणू काम झालं आणि माणूस घरी गेला. नाना पाटील आधी शेतकरी कामगार पक्षात गेले, मग कम्युनिस्ट झाले, १९५७ ला साताऱ्यातनं लोकसभेवर निवडून आले आणि १९६७ ला थेट बीडमधनं. नागनाथअण्णा नायकवडी साखर कारखान्यात आणि पुढं आटपाडीच्या पाणी परिषदांत दुष्काळी तालुक्यांसाठी भांडत राहिले. वसंतदादा, जे १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून पळताना गोळी लागून पडले, ते काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले. एकाच लढ्यातली माणसं स्वातंत्र्यानंतर एकमेकांच्या विरोधात निवडणुका लढवत होती. हे पोरांना सांगितलं तर देश दुबळा होतो काय? मला तर वाटतं देश म्हणजे काय ते तिथंच कळतं.

माझ्या हातात असतं तर मी एक दिवस निवडला असता, ३० नोव्हेंबर १९५७, आणि दहावीला त्यावरच एक अख्खा धडा केला असता. त्या दिवशी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं, मुंबई अजून मिळाली नव्हती, मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य लादलेलं, १०५ की १०६ हुतात्मे यावरही अजून लोक वाद घालतात. पसरणी घाटाच्या बाजूला लोक काळे झेंडे घेऊन उभे. महाराजांच्या पुतळ्याच्या कार्यक्रमाला महाराजांचीच माणसं काळे झेंडे दाखवतायत, कारण पंतप्रधानांवर राग आहे. आणि ज्यांच्यावर तो कार्यक्रम पार पाडायची जबाबदारी होती ते मुख्यमंत्री कोण, तर देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण, बेचाळीसला याच जिल्ह्यात भूमिगत राहिलेले. त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत त्यांची कराडची जागा कशीबशी निसटती राहिलेली. आणि समितीच्या बाजूने साताऱ्याचे खासदार कोण, तर येडेमच्छिंद्रचे नाना पाटील. देवराष्ट्रे आणि येडेमच्छिंद्र, मध्ये अंतर ते किती. दोघं एकाच इंग्रजाविरुद्ध लढलेले, आणि आता दोघांच्या दोन बाजू.

निदर्शनं शांततेत झाली. पुतळ्याचं अनावरणही झालं. अडीच वर्षांनी १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मंगल कलश चव्हाणांच्या हातात आणि जल्लोष समितीवाल्यांचा. मग त्या दिवशी देशप्रेमी कोण होता? नेहरू, जे म्हणत होते भाषेवर राज्यं केली तर देश फुटेल? समिती, जी म्हणत होती भाषेचं राज्य दिल्यानेच देश टिकेल? की चव्हाण, ज्यांना समितीवाले गद्दार म्हणत होते आणि ज्यांना पुढं चीन युद्धाच्या वेळी नेहरूंनी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं? माझं स्वतःचं मत विचाराल तर समितीचं बरोबर होतं, नेहरूंची भीती चुकीची ठरली, भाषावार राज्यं होऊन देश काही फुटला नाही. पण ती भीती वेडेपणाची होती असं मी म्हणणार नाही. फाळणीला दहा वर्षं झाली होती, माणूस घाबरणारच. पोराने हे दोन्ही समजून घेतलं, आणि समजून घेऊनही एक बाजू निवडली, तर त्याला नागरिकशास्त्राचा वेगळा पेपर कशाला पाहिजे?

यावर पहिली हरकत येते ती वयाची. पोरं लहान आहेत, डोक्यात गोंधळ होईल. अहो, पंधरा-सोळा वर्षांचं पोर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर काय काय वाचतंय ते एकदा बघा. गोंधळ आधीच झालेला आहे, फक्त तो वर्गाबाहेर झालाय आणि तिथं मास्तर नाही. २००९ ला मिरजेत ऐन गणपतीत अफजलखानाच्या वधाच्या कमानीवरनं दंगल पेटली. त्या वेळी प्रतापगडचा प्रसंग सगळ्यांनी चौथीत शिकलेला होता, वाघनखं, बिचवा, शामियाना, सगळं पाठ. कमी काय पडलं मग? माहिती नक्कीच नव्हती कमी पडली. चौथीला गोष्ट म्हणून ऐकलेला प्रसंग दहावीत इतिहास म्हणून पुन्हा कोणी उघडलाच नाही, ते कमी पडलं.

तो उघडला तर काय दिसतं? खान वाईचा सुभेदार राहिलेला, त्याचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी. महाराजांच्या बरोबर निवडक माणसांत सिद्दी इब्राहिम. १६५९ च्या जूनमध्ये आदिलशहाने कान्होजी जेध्यांना फर्मान पाठवलं की खानाला जाऊन मिळा, नाहीतर परिणाम भोगा. कान्होजी पोरांना घेऊन महाराजांकडे आले आणि वतनावर पाणी सोडलं. खंडोजी खोपडे खानाकडे गेले. दोघं मावळातलेच देशमुख, दोघांपुढं पेच तोच, वतन राखायचं की या नवीन पोराच्या मागं जायचं, ज्याचं अजून काही खरं नाही. आपल्याकडे जेधे म्हणजे निष्ठा, खोपडे म्हणजे फितुरी, विषय संपला. पण १६५९ च्या पावसाळ्यात बसून विचार केला तर बहुतेकांनी खोपड्यांसारखंच केलं असतं, मी सुद्धा कदाचित, आणि म्हणूनच जेध्यांनी जे केलं ते मोठं. पेच काढून घेतला की मोठेपण पण जातं. पेच ठेवून शिकवलं की महाराज लहान होत नाहीत, उलट एवढ्या माणसांनी जीव का टाकला ते पोराला पहिल्यांदा कळतं.

दुसरी हरकत, यानं समाजात फूट पडेल. भांडणं विसरण्यातच शहाणपण, जुनं उकरून काय मिळणार. ही हरकत मी हलक्यात घेत नाही. १८८२ ला रेनान नावाच्या फ्रेंच विद्वानाने पॅरिसमध्ये भाषण दिलं त्यात तो हेच म्हणाला होता, राष्ट्र व्हायला सगळ्यांना मिळून काही गोष्टी विसराव्या लागतात. पण विसरणं आणि न बोलणं यात फरक आहे. भावकीत बांधावरनं झालेलं भांडण दोन्ही घरं बोलत नाहीत म्हणजे विसरलेत असं कोणी समजू नये, ते प्रत्येक घर आपापल्या पोराला रात्री चुलीपुढं बसून सांगत असतं, आणि प्रत्येक घरात चूक दुसऱ्याचीच असते.

आपल्या भागात असं सगळ्यात मोठं न बोललेलं म्हणजे १९४८. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला, मारेकरी ब्राह्मण होता, आणि पुढच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात गावोगाव ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ज्या माणसांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता त्यांची. कित्येक कुटुंबं गाव सोडून गेली ती परत आलीच नाहीत. काही गावांत लोकांनी शेजाऱ्यांना आपल्या घरात लपवलं, त्याच्याही आठवणी आहेत. आजही एखाद्या गावात पडका वाडा, चौकटीला जळल्याच्या खुणा, आणि पोरांना विचारलं तर म्हणतात काय माहीत नाही, पडलाय असाच. हा तोच जिल्हा, ज्याने दोनच वर्षांपूर्वी प्रतिसरकार चालवलं होतं. हे कसं झालं? यामागं सावकारी होती, जमिनीचा प्रश्न होता, सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीच्या काळापासनंचा खरा आणि रास्त राग होता, आणि त्या रागाच्या आडून लुटालूटही होती. यातलं एकच कारण सांगितलं की ते खोटं होतं. सगळी सांगितली तर कुठल्याच जातीला मिरवता येत नाही आणि कुठल्याच जातीला फक्त रडता येत नाही. मला वाटतं म्हणूनच हे कोणाला शिकवायला नको असतं. गांधीजींचा खून पुस्तकात एका वाक्यात येतो आणि पुढच्या वाक्यात संस्थानांचं विलीनीकरण सुरू होतं.

पण १९४८ पासनं सुरुवात करा असं मी म्हणत नाही. शाळेतल्या मास्तरावर एकदम एवढं टाकणं बरोबर नाही. कारण तिसरी हरकत मास्तरांची आहे आणि ती सगळ्यात खरी आहे. एका बाईंशी बोललो, वीस वर्षं इतिहास शिकवतायत, म्हणाल्या, "तुमचं सगळं पटतं, पण उद्या एखाद्या पोराने माझं अर्धं वाक्य मोबाईलवर रेकॉर्ड करून टाकलं तर माझ्या मागं कोण उभं राहणार? संस्था? तुम्ही?" मी गप्प बसलो, कारण उत्तर नव्हतं. पुस्तकात छापलेलं असलं की मास्तराला आधार असतो, पुस्तकात असंच आहे म्हणता येतं. म्हणून हे मास्तरांच्या धाडसावर सोडायचं काम नाही, पुस्तकात आलं पाहिजे, दोन्ही बाजूंचे कागद छापून आले पाहिजेत. नवीन अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतोय, तर हे आत्ताच बोलायला पाहिजे, पुस्तकं छापून झाल्यावर नुसत्या कोणाच्या किती ओळी ते मोजत बसण्यात काय अर्थ आहे.

कोणी म्हणेल हे सगळं साताऱ्या-सांगलीचं झालं, यात राष्ट्र कुठं आलं. अहो राष्ट्र काय दिल्लीत एका खोलीत बसून तयार झालं का? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळ काल्याला रयत सुरू केली, पुढं साताऱ्यात बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, तेव्हा त्या पंगतीला विरोध करणारे इंग्रज नव्हते, आपलेच होते. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्यातल्या शाळेत ज्या भीमराव नावाच्या पोराचं नाव घातलं, त्याला अस्पृश्य म्हणून वेगळं बसवणारेही इंग्रज नव्हते. त्याच पोराने पुढं २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत उभं राहून सांगितलं की मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या आणि त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. आपल्या पोरांना घटना बनायला दोन वर्षं, अकरा महिने आणि किती दिवस लागले ते तोंडपाठ असतं, कारण ते रिकाम्या जागा भरा मध्ये येतं. अडीच हजार वेळा कोणीतरी उठून म्हणालं की मला हे पटत नाही, आणि तरी शेवटी २८४ जणांच्या सह्या झाल्या, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यातल्या एका दुरुस्तीवरचा वाद, अर्ध्या पानाचा, मराठीत करून पुस्तकात घातला तर केवढं काम होईल.

आता करायचं काय, तर फार काही नाही. १९५७ चा प्रतापगडचा दिवस धडा म्हणून घ्या, जखम जुनी आहे, कोणाचं घर जळलेलं नाही, दोन्ही बाजूंची माणसं आपल्याला आदराचीच आहेत. तिथनं पोरांना आणि मास्तरांना सवय होईल, मग प्रतिसरकारच्या शिक्षा घ्या, मग औंध, आणि १९४८ अकरावी-बारावीला. कासेगावात राहून गेल ऑम्व्हेटबाईंनी प्रतिसरकारवर अभ्यास केला, तसले अभ्यास झालेत, मराठीत सोपं करून दोन-दोन पानं काढायला कोणाची हरकत नसावी. अंतर्गत २० मार्कांत गावच्या हुतात्मा स्मारकावरच्या एका नावाचा शोध घ्यायला लावा, पण अट अशी की दोन वेगळ्या माणसांकडनं दोन हकिकती आणायच्या आणि त्या कुठं जुळत नाहीत ते लिहायचं. जुळल्या तर मार्क कमी! आमच्याकडची निम्मी स्मारकं कुलूप लावून पडलीत, निदान किल्ली कोणाकडे आहे ते तरी कळेल.

आणि पेपरात ४ मार्कांचा एक प्रश्न, बास. दोन उतारे द्यायचे, एक समितीच्या बाजूचा, एक सरकारच्या बाजूचा, आणि विचारायचं तुम्हाला कोणाचं पटतं आणि दुसऱ्याचा कुठला मुद्दा तुम्हाला खोडता आला नाही. पेपर तपासणाऱ्याला त्रास होणार हे मान्य, मॉडेल आन्सर निघणार नाही. क्लासवाले त्याचंही गाईड काढतील, 'प्रतिसरकार: अनुकूल मुद्दे ५, प्रतिकूल मुद्दे ५', चौकटीत, पिवळ्या हायलाइटरने. काढू देत. ज्या पोराने आत्तापर्यंत एकच बाजू पाठ केली ते निदान दोन पाठ करेल, आणि चाळीसातलं एखादं घरी जाऊन आजीला विचारेल की आपलं घर तेव्हा कोणाकडनं होतं.